शाळा सरकारजमा, चर्च स्वावलंबी



चीनमध्ये मिशनची शाळा कुठे आहे असे विचारत फिरलात, तर कुणी पत्ता सांगणार नाही. तिच्या आवारात मात्र तुम्ही नकळत जाऊन आलेले असता. बीजिंग विद्यापीठात तळ्याकाठच्या उंच पॅगोडासमोर जो तो फोटो काढून घेतो. तो पॅगोडा म्हणजे १९२०च्या दशकात बांधलेली पाण्याची टाकी! येनचिंग या मिशनरी विद्यापीठाला पाणी हवे होते, आणि टाकी बोडकी दिसू नये म्हणून तिला पॅगोडाचा साज चढवला. शांघायमध्ये १८७९ साली निघालेल्या सेंट जॉन्स कॉलेजच्या इमारतींत आज कायद्याचे विद्यापीठ आहे. नानजिंगच्या गिनलिंग महिला महाविद्यालयाचे आवारही शाबूत आहे. १९३७ साली जपानी सैन्याने केलेल्या कत्तलीत मिनी वॉट्रिन या अमेरिकन बाईंनी हजारो बायकामुलांना आसरा दिला, तो तिथेच.

१९५२च्या फेररचनेत ही सारी महाविद्यालये सरकारी विद्यापीठांत विलीन झाली. इमारती राहिल्या, नावे गेली. आपल्याकडे १८३२ साली सुरू झालेल्या विल्सन कॉलेजची पाटी अजून चौपाटीसमोर आहे. हा फरक लक्षात ठेवा.

चर्चचे तसे झाले नाही. शांघायच्या पीपल्स स्क्वेअरजवळ हुडेक या वास्तुरचनाकाराने १९३१च्या सुमारास उभारलेले मुएन थांग नावाचे विटकरी चर्च आहे. सांस्कृतिक क्रांतीत तिथे उपासना बंद झाली आणि शाळा भरू लागली. १९७९ साली दारे पुन्हा उघडली. रविवारी लवकर गेलात तर बाकावर जागा मिळते. शेजारच्या आजीबाई हातात गीतांचे पुस्तक देतात. लिपी आपल्याला अगम्य, पण चाल वाचता येते! कारण पाश्चात्त्य स्वरलेखनाऐवजी शब्दांवर १ ते ७ असे आकडे छापलेले असतात. १ म्हणजे सा. आकड्यावर टिंब असेल तर तार सप्तक, खाली असेल तर मंद्र. भातखंडे पद्धतीने पेटी शिकलेला माणूस दुसऱ्या कडव्यापासून सूर धरू शकतो.

बायबल हवे असेल तर ते चर्चच्याच विक्री खिडकीवर घ्यायचे. नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानात ते मिळत नाही आणि २०१८पासून ऑनलाइन दुकानांतूनही ते हटवले गेले. गंमत अशी, की नानजिंगच्या ॲमिटी छापखान्याने २०१९पर्यंत २० कोटी बायबलच्या प्रती छापल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक परदेशी गेल्या. परदेशी पाहुण्यांच्या स्वतंत्र उपासनेला जायचे तर दारात पासपोर्ट दाखवावा लागतो. चिनी नागरिकांना तिथे प्रवेश नसतो. आणि धार्मिक व्यवहारांच्या २०१८च्या नियमावलीनंतर काही प्रांतांत चर्चच्या दारावर अठरा वर्षांखालील मुलांना मज्जाव करणाऱ्या पाट्या लागल्या.

सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चची चळवळ 'थ्री-सेल्फ' या नावाने ओळखली जाते: स्वयंशासन, स्वावलंबन, स्वप्रसार. हे सूत्र माओंच्या पक्षाने काढलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडचे हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे रूफस अँडरसन यांनी ते मांडले. हेच अँडरसन १८५४-५५ साली आपल्या मराठी मिशनची पाहणी करून गेले होते. स्थानिक चर्चने परक्या पैशावर जगू नये, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे ती ओढ आतून उमटली: रेव्हरंड टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि १९१७ साली 'देवाचा दरबार' उभा केला. चीनमध्ये मात्र मिशनऱ्यांना जावे लागले आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर सरकारी खाते येऊन बसले.

म्हणून चिनी चर्चकडे पाहताना दोन टोकांची मते टाळा. 'तिथे धर्म उरलाच नाही' म्हणणाऱ्याने रविवारची गर्दी पाहिलेली नसते, आणि 'सगळे खुले आहे' म्हणणारा दारावरची पाटी वाचत नाही. हिशेब त्यांच्याच सूत्राने मांडा. स्वावलंबन त्यांनी कमावले: पाळकाचा पगार, छपराची डागडुजी, मुख्यतः दानपेटीतून आणि स्थानिक पैशातून. स्वप्रसाराला चर्चच्या कुंपणापर्यंतच मुभा आहे. राहिले स्वयंशासन. वर्गात कोण बसेल हे शाळेने १९५२ साली ठरवायचे सोडले. बाकावर कोण बसेल हे ठरवण्याचा हक्क चर्चला अजून मिळायचा आहे.