भुरी आणि आम्ही नऊजणी

आज कर्जाचा हप्ता नाही, शिलाई मशीन नाही, पापडाचं पॅकिंगही नाही. आज बोलायचं आहे फिरण्याबद्दल. कुत्रीला सोबत घेऊन डोंगराच्या पायथ्याला हिंडण्याबद्दल. हसू आलं ना? आमच्या गावालाही आलं होतं.

आमचं गाव अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. पावसाळ्यात ढग खाली उतरले की डोंगर गायब होतो, आणि दिवाळीनंतर हवा स्वच्छ झाली की झाडं मोजावीत इतका जवळ येतो. जन्मभर तो पाहिला, पण नुसता पाहायला म्हणून, डोक्यावर काही न घेता, आम्ही कधी त्याच्याकडे गेलो नव्हतो. चालणं आपल्याला कमी आहे का? निंदायला चालतो, कापसाचं गाठोडं घेऊन चालतो, सरपणाला चालतो. रिकाम्या हातानं चालणारी बाई दिसली की मात्र गाव विचारतं, "काय वं, कुठी चालल्या?"

सुरुवात झाली ती साखरेमुळे. आमच्यातल्या एका काकूंना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. काकू म्हणाल्या, दिवसभर तर चालतेच मी. ते म्हणाले, ते काम झालं, हे वेगळं. काकूंना एकटं जायची लाज वाटे, म्हणून आम्ही दोघी सोबत निघालो. डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर आणि फटफट्या, म्हणून पांदणीची वाट धरली. पांदण एकलकोंडी. तिथे भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर ती जनावराची कमी आणि माणसाची जास्त.

तिसऱ्या दिवशी भुरी मागे लागली. भुरी म्हणजे गावातलीच कुत्री, मालक कोणी नाही. मळकट पांढरी, एका कानाचा तुकडा गेलेला. कोणी बोलावलं नव्हतं. आधी मागे, मग बाजूला, आणि धुऱ्यावर पोचेपर्यंत ती पुढे झाली होती. त्या दिवशी दोन पोट्टे गाडी आडवी लावून उगाच उभे होते. भुरी त्यांच्यासमोर जाऊन नुसती उभी राहिली. भुंकलीसुद्धा नाही. पोट्ट्यांनी गाडी चालू केली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींच्या पाचजणी झालो, आणि महिनाभरात नऊ.

आता त्या फिरण्यात काय मजा, ते सांगतो. आपण चालतो तेव्हा नजर पायाखाली, नाही तर कामावर. कुत्रं चालतं नाकानं. भुरी एकाएकी थांबायची, नाक वर करायची, म्हणून आम्हीही थांबायचो. थांबलं की दिसतं. तुरीच्या ओळीतून फडफडत उठलेले तितर. नाल्याच्या ओल्या रेतीत रात्री रानडुक्कर लोळून गेल्याची जागा. बोरीच्या काट्यात अडकलेलं सशाचं लव. हे सगळं आमच्याच शिवारातलं, आणि आम्ही चाळीस-चाळीस वर्षं तिथून जा-ये केलेली! माघ-फाल्गुनात पळस पेटला, तेव्हा त्याच्याखाली आम्ही पहिल्यांदा नुसत्या बसलो. पानं तोडायला नाही, फुलं वेचायलाही नाही. भुरी नाल्यातल्या डबक्यात पोटापर्यंत उतरली आणि मग अंग झाडून आम्हा सगळ्यांना भिजवून मोकळी झाली. एक वहिनी, ज्या गटाच्या बैठकीत सहीपुरतं बोलतात, त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. त्यांचं हसणं कसं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

घरी मात्र चर्चा. "कुत्रीमागं फिरते आता हे." कुत्र्याचं आपल्याकडे मोठं विचित्र आहे. दत्ताच्या तसबिरीत पायाशी कुत्री असतात, खंडोबाजवळ कुत्रं असतं. कुत्र्यानं भाकरी पळवली तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट कीर्तनात ऐकून आपण डोळे पुसतो. आपला चिखलदरा तर भीमानं कीचकाला मारलं ती जागा म्हणून दाखवतात, तिथे भीमकुंडही आहे. त्याच पांडवांतले धर्मराज शेवटी हिमालयात निघाले, तेव्हा बायको आणि भाऊ वाटेत पडले आणि सोबत उरलं ते एक कुत्रं. त्याला बाहेर ठेवून स्वर्गात यायला धर्मराजांनी नाही म्हटलं. एवढं सगळं आपल्याला पाठ. आणि दारात कुत्रं आलं की तोंडातून पहिला शब्द कोणता निघतो? हाड!

आमच्यात एक आजी आहेत, सत्तरीच्या. पाय आमच्यापेक्षा जलद. पण त्या भुरीपासून नेहमी दूर चालायच्या. भुरी डावीकडे आली की आजी उजवीकडे. आम्हाला वाटायचं, सोवळं असेल. एकदोनदा थट्टाही केली. ती करायला नको होती, हे पुढे कळलं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही ठरवलं, नरनाळ्यावर जायचं. गडाकडे बोट दाखवून पोरांना गोष्टी सांगायच्या आणि आपण कधी वर गेलो नाही, हे बरं नव्हे. शहानूरपर्यंत गाडी केली. भुरीलाही गाडीत घेतली, आणि तिथेच चुकलो. वनखात्याच्या फाटकावर सांगितलं, कुत्रं आत नेता येणार नाही. आम्ही हुज्जत घातली. आमची भुरी गरीब आहे, कोणाला काही करत नाही, दोरी बांधतो. फाटकावरचा माणूस शांतपणे म्हणाला, "बाई, ती काही करत नसंल, पण तिच्या अंगावर काय आहे ते तिलाबी माहीत नाही."

मग त्यानं समजावलं ते असं. नरनाळा हे अभयारण्य आहे आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मेळघाट देशातल्या अगदी पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा रोग होतो, तो वाघ-बिबट्यांनाही लागतो. 2018 साली गुजरातेत गीरच्या जंगलात वीसाहून जास्त सिंह थोड्याच दिवसांत मेले, तेव्हा त्यांच्यात याच रोगाचे विषाणू सापडले होते. शिवाय कुत्रं हरणाच्या पाडसामागे धावतं, आणि बिबट्याला कुत्र्याचं मांस आवडतं ते वेगळंच. अस्वलाचंही त्यानं सांगितलं, आणि हे मोहफुलं वेचणाऱ्या सगळ्या बायांनी ध्यानात ठेवावं. मोकळं कुत्रं अस्वलावर भुंकतं, अस्वल खवळतं, मग कुत्रं जीव घेऊन आपल्या माणसाकडे पळतं, आणि अस्वल त्याच्या मागोमाग आपल्यावर येतं. मोहाच्या दिवसांत पहाटे अस्वलं झाडाखालीच असतात. म्हणजे ज्या कुत्र्याच्या भरवशावर रानात शिरलो, तेच संकट घेऊन येतं.

आमची बोलती बंद झाली. गाडीवाला भाऊ भुरीला घेऊन शहानुरात थांबला आणि आम्ही वर गेलो.

गड फार मोठा आहे. जाफराबाद आणि तेलियागड त्याला लागूनच. महाकाली दरवाजा 1487 सालचा, इमादशाहीच्या फत्तेउल्लाहनं बांधलेला. दगडावर असं कोरीव काम की भरतकामाच्या सुईनं केल्यासारखं वाटावं. आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या दोघी तिथून हलेनात. वर नऊगजी तोफ आहे. आणि शक्कर तलाव. तलावाशी पोचलो तेव्हा आजी एका दगडावर बसल्या आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या.

जुन्या बायांना माहीत असेल. पिसाळलेलं कुत्रं चावलं की माणसाला नरनाळ्यावर आणायचं, असा आपल्या भागात पूर्वीपासून समज होता. आजी म्हणाल्या, "माह्या भावाले चावलं होतं. मी नऊ वर्साची, तो सहाचा." घरच्यांनी जखमेवर चुना लावला, वर मिरची दाबली. दवाखाना लांब, आणि तिथे पोटात चौदा इंजेक्शनं देतात म्हणून सगळ्यांच्या पोटात गोळा. कोणी म्हणालं नरनाळ्याला न्या, कोणी म्हणालं अमक्याचं झाडपाल्याचं औषध द्या. त्या बोलण्यातच दिवस गेले. जखम भरून आली, तशी घरची माणसं विसरली. दीड महिन्यानं पोरगं पाण्याचा गडवा पाहून घाबरायला लागलं. आजी पुढे बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

मैत्रिणींनो, फिरण्याच्या गप्पांत हे कुठून आलं असं वाटेल. पण कुत्रं सोबत घेऊन हिंडायचं तर हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या आजाराची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी मात्र वाचवता येतं. 1885 साली फ्रान्समध्ये पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या एका चावलेल्या मुलाला लस टोचली, तो जगला. पाश्चर गेले तो 28 सप्टेंबर हा दिवस आता या रोगाच्या नावानं जगभर पाळतात.

तेव्हा कुत्रं चावलं किंवा ओरखडलं तर आधी नळाखाली साबणानं जखम धुवायची, पूर्ण 15 मिनिटं. हळद, चुना, मिरची, तेल काही नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, तिथे लस फुकट मिळते. पोटातली ती इंजेक्शनं आपल्या देशात 2005 पासून बंद झाली. आता दंडात देतात. पहिली टोचली तो दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. काही पद्धतीत चौदाव्या दिवशी आणखी एक असते, ते डॉक्टर सांगतील. रक्त आलं असेल तर जखमेतच भरायचं वेगळं औषध लागतं, ते आहे का हे आपणहून विचारायचं. आणि जखम भरली म्हणून उरलेली इंजेक्शनं सोडायची नाहीत. ज्याला जिथे जायची श्रद्धा आहे त्यानं खुशाल जावं, पण दवाखान्यातून मग जावं.

गडावरून उतरल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही भुरीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. गटाच्या पैशातून नाही, तसं कोणी बोलायला नको. नऊजणींनी आपापले पैसे काढले. डॉक्टरांनी लस दिली. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस आणि मग दरवर्षी एक, असा हिशेब त्यांनी सांगितला. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशनचंही म्हणाले, ते अजून आमच्यानं झालेलं नाही. होईल. लस देताना भुरीला धरायला दोघी होत्या. आजी दारात उभ्या होत्या, आत आल्या नाहीत, पण संपेपर्यंत थांबल्या.

आता आमची रीत पक्की झाली आहे. दिवस उगवल्यावर निघायचं आणि अंधाराआधी घरी, कारण बिबट्याची वेळ आपली वेळ नव्हे. जंगलाची हद्द लागली की परत. तोवर शिवार, नाला, धरणाचा काठ काय कमी आहे? ढोरं-बकऱ्या दिसल्या की भुरीच्या गळ्यात दोरी. चैत्र-वैशाखात अकोल्याचं ऊन कसं असतं ते आपल्याला सांगायला नको. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकतं, म्हणून एक बाटली तिच्यासाठी वेगळी. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की कुसळं तिच्या बोटांत आणि कानांत शिरतात, घरी आल्यावर ती काढायची. गोचीडही पाहायचे. हे काम पोरं आवडीनं करतात, आणि फाटक्या कानाजवळ हात नेला की भुरी डोळे मिटते.

काकूंची साखर उतरली का, असं सगळे विचारतात. थोडी उतरली. गोळी चालू आहे, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेली नाही. पण सकाळी दाराशी भुरी येऊन बसते, आणि तिला परत पाठवायचं काकूंच्या जिवावर येतं, म्हणून एकही दिवस चुकत नाही. घरच्यांचं बोलणंही बदललं. आता सासूबाईच म्हणतात, "जा वं, थे कवाची वाट पाहून रायली."

येत्या डिसेंबरात चिखलदऱ्याला जायचं चाललं आहे. भीमकुंड पाहायचं, गाविलगड पाहायचा, कॉफीची झाडं पाहायची. दोन दिवसांचं काम. भुरीला नेता येणार नाही, हे आता आम्हाला कोणी सांगायला नको. परवाच्या बैठकीत तोच प्रश्न निघाला. दोन दिवस तिच्याकडे कोण पाहणार? ज्यांनी पैसे भरले त्या गप्प. आजींनीही भरले होते. आजी अजून भुरीच्या अंगाला हात लावत नाहीत, हेही आम्हाला ठाऊक. त्या म्हणाल्या, "तुमी जा वं बाया. मी राह्यतो भुरीजोळ."