जुनी जीटी टीएसआय, परतूर आणि अण्णांचा एक प्रश्न

हेडफोन लावलेत ना? लावा. आजचा विषय घरच्यांनी ऐकला तर तुम्हालापण बोलणी बसतील.

विषय असा. माझ्याकडे साडेपाच लाख रुपये होते, एक जुनी टर्बो गाडी घ्यायची होती, आणि मी राहतो परतूरला. या तीन गोष्टी एकमेकींशी जुळतात का, हे कळायला मला पाच महिने लागले. ते पाच महिने आज तुम्हाला सांगतो.

आधी पैशाचं सांगतो, कारण खरी गोची तिथंच होती. साडेतीन लाख माझे, पुण्यात चार वर्षं नोकरी केली त्यातले. उरलेले दोन अण्णांचे, कापूस आणि तुरीचे. ते खरंतर तीन एकरांवर ठिबक करायला ठेवले होते. मी दुकान सांभाळायला गावी परत आलो, तेव्हा अण्णा म्हणाले, "गाडी घ्यायचीय ना तुला, घे. ठिबक पुढच्या साली करू." बाप असं बोलला की जास्त अवघड होतं, नाही का? नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

गाडी कोणती, तर फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. आपल्या चाकणला बनायची. २०१३ साली आली. इंजिन फक्त १.२ लिटर, पण टर्बो, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक. १०५ आकडा ऐकून आज कुणीपण हसेल. पण गाडी साधारण अकराशे किलोची, आणि टॉर्क खालच्या आरपीएमलाच हजर. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. २०२२ ला भारतात पोलो बंदच झाली, त्यामुळं आता घ्यायची तर जुनीच. आणि लोकांचा जीव तिच्यावर असल्यामुळं भाव काही उतरत नाही.

पहिली गाडी बघितली पुण्यात, एका डीलरकडं. फोटोत एकदम चकाचक. मीटरवर ५४ हजार किलोमीटर. फोनवर सांगितलं होतं, सकाळी नऊला येतो, इंजिन चालू करू नका. रात्रभर ट्रॅव्हल्सनं गेलो, पोचलो, बोनेटवर हात ठेवला तर गरम. तिथंच अर्धा निकाल लागला. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होतं ना, तेव्हाच ते खरं बोलतं. चेनचा खडखडाट असेल, निळा धूर असेल, आरपीएम वरखाली होत असेल, ते सगळं पहिल्या एका मिनिटात. गरम इंजिन म्हणजे तोंड धुऊन पावडर लावून बसलेला नवरदेव.

पण मी एक शहाणपणा केला होता. नंबर आधीच मागून घेतला होता. त्यावरून परिवहनच्या ॲपवर गाडी कितव्या मालकाकडं आहे, कर्ज आहे का, विमा कधी संपतो ते बघितलं. आणि मुख्य म्हणजे अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहास काढला. २०२१ सालच्या नोंदीत किलोमीटर होते ७१,४००. आता २०२१ ला ७१ हजार असलेली गाडी आज ५४ हजार कशी? रिव्हर्समध्ये चालवली का? डीलरला फोन दाखवला. तो म्हणाला, "साहेब, मीटर बदललंय." म्हणलं, बिल द्या. बिल नव्हतं. चहा मात्र चांगला होता, तो पिऊन निघालो.

म्हणून सांगतो, मीटर बघू नका. ब्रेक पॅडलचं रबर बघा, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघा, स्टिअरिंग कुठं गुळगुळीत झालंय ते बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तर समजा, मालकानं गाडी फक्त पळवलीय, सांभाळलेली नाही.

आता साध्या जुन्या गाडीत आणि अशा पळणाऱ्या जुन्या गाडीत फरक काय? साधी गाडी कुणी कशासाठी घेतली ते दिसतं. ऑफिसला जायचं, गावी यायचं. पळणारी गाडी लोक पळवण्यासाठीच घेतात. त्यात पुन्हा रीमॅप. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब वाढवायचा. लॅपटॉप लावला, तासाभरात ताकद वाढली. पण गिअरबॉक्स तोच राहतो. जीटी टीएसआयमध्ये जो सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी आहे, त्याची मर्यादा आहे २५० न्यूटन मीटर. कंपनीनं १७५ वर ठेवलं होतं, म्हणजे मध्ये मोकळी जागा होती. रीमॅप करणारा ती जागा खाऊन टाकतो. आणि विकायच्या आधी जुनं सॉफ्टवेअर परत टाकतात! जाणकार माणूस स्कॅनर लावून पुष्कळदा ओळखतो, पण तुम्ही-आम्ही टेस्ट ड्राइव्हवर नाही ओळखू शकत.

या डीएसजीच्या भानगडी काही गुपित नाहीत. २०१३ साली चीनमध्ये फोक्सवॅगनला डीएसजीच्या तक्रारींवरून ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. याचा अर्थ प्रत्येक गाडी खराब, असा नाही. चांगल्या वापरलेल्या कितीतरी गाड्या लाखाच्या पुढं मजेत चालतात. पण बिघडला तर खर्च मोठा. मी पुण्यात दोन गॅरेजांत विचारलं. क्लचचा सेट एक लाखाच्या पुढं. मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, तो गेला तर दोनच्या पुढं.

मध्येच एक कबुली. माझा जीव खरा अबार्थ पुंटोवर होता. तीपण आपल्याच पुणे जिल्ह्यातली, रांजणगावच्या कारखान्यातली. २०१५ ला आली तेव्हा एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत १४५ पीएस! हातानं टाकायचे गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. एक मिळालीपण होती. पण फियाटनं भारतात गाड्या विकणं थांबवलं. सस्पेन्शनचा एक तुकडा मिळवायला व्हॉट्सॲप ग्रुपवर देशभर विचारत बसायचं, हे मला दुकान सांभाळून जमणारं नव्हतं. तो फोटो मात्र अजून मोबाईलमध्ये आहे. डिलीट होत नाही, काय करू.

मग तिसरी गाडी. ही खरी परीक्षा होती, कारण हिच्यात खोट सापडत नव्हती. २०१५ ची पांढरी जीटी टीएसआय, चिंचवडला, एका घरगुती मालकिणीची. पहिलीच मालकी. ७९ हजार किलोमीटर आणि त्या ७९ हजारांच्या हिशेबाची फाईल. प्रत्येक सर्व्हिसचं बिल. ६१ हजारांवर क्लच बदलला, त्याचंसुद्धा बिल. ताई म्हणाल्या, "तुम्ही या, इंजिन थंड ठेवते." ठेवलं होतं. रंग सगळीकडं सारखा, बोनेटचे बोल्ट कधी न उघडलेले. एका ओळखीच्या पोरानं स्कॅनर लावला, काही निघालं नाही. ५ लाख १० हजार मागत होत्या, ४ लाख ९५ ला तयार झाल्या.

त्या दिवशी मी अण्णांना सोबत नेलं होतं. अण्णांनी आयुष्यात चालवलाय तो ट्रॅक्टर. नाशिक रोडला जरा मोकळं सापडलं, मी पाय ठेवला. अण्णांनी वरचं हँडल पकडलं आणि हसले. मोठ्यानं हसले हो! मी त्यांना असं हसताना किती वर्षांनी बघितलं, मला आठवत नाही. तेव्हाच मनात म्हणलं, झालं, गाडी आपली.

नंतर टपरीवर चहा घेताना त्यांनी विचारलं, "ही वाटूर फाट्यावर बंद पडली, तर बघणार कोण?"

बस्स. पाच महिन्यांत मी शेकडो व्हिडिओ बघितले, हा प्रश्न एकानंपण विचारला नव्हता. कारण व्हिडिओ करणारे सगळे पुण्या-मुंबईत राहतात.

गावी आल्यावर चाचांकडं गेलो. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्या चाचा बघतात. डिझेल पंपापासून वायरिंगपर्यंत सगळं येतं त्यांना. त्यांनी फाईल नीट चाळली. म्हणाले, "गाडी साफ आहे बेटा. इंजिनाचं मी करीन. डब्याला हात लावणार नाही." डबा म्हणजे गिअरबॉक्स. "त्याला कॉम्प्युटर लागतो, हत्यारं वेगळी लागतात. मी उघडला तर तुझं नुकसान करीन." मला या माणसाचं कौतुक वाटलं. न येणाऱ्या कामाला नाही म्हणणारा मिस्त्री लाखात एक.

म्हणजे हिशेब काय झाला? डब्यात काही झालं, लाईट लुकलुकायला लागली, तर गाडी टोइंगवर टाकून छत्रपती संभाजीनगर, जवळपास सव्वाशे किलोमीटर. तिथं निदान, मग पार्टची वाट, मग पुन्हा आणायला जा. दुकान बंद ठेवून. पुण्यातल्या माणसाला हेच काम म्हणजे सकाळी गाडी टाकली आणि मेट्रोनं ऑफिस.

मग वही काढली. गाडी ४.९५. टायर २०१८ चे, चारही बदलायचे. विमा, नाव बदलणं, मोठी सर्व्हिस. साडेपाच तिथंच संपले. आणि पळणारी जुनी गाडी घेताना दीड-दोन लाख बाजूला पाहिजेतच, हे मला तोवर कळलं होतं. ते नव्हते. म्हणजे परतूरमध्ये राहणाऱ्या माणसासाठी त्या गाडीची किंमत ४.९५ नव्हती, सातच्या आसपास होती. वरून पेट्रोल. आता सगळीकडं वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या त्याला धरून बनवल्यात, ही २०१५ ची. रबरी नळ्या, सील यांच्यावर लक्ष ठेवावं लागणार, ते वेगळंच.

कागदांचं पटकन सांगून टाकतो, कारण विसराल. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. गाडी आपल्याच राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमापण १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. "करू निवांत" म्हणून सोडू नका. कागदावर ज्याचं नाव, अपघात झाला तर जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. गाडी मधल्या काळात तीन-चार हात फिरली असली तरी. त्यामुळं तुम्ही जुनी बाईक जरी विकली असेल ना, तरी आज ॲपवर बघा, अजून तुमच्याच नावावर आहे का.

तर, सोमवारी ताईंना फोन केला. नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती. खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही, निदान सांगितलंत तरी." गुरुवारी गाडी गेली, कोथरूडच्या एका मुलानं घेतली. मला विचाराल तर त्यानं उत्तम खरेदी केली. तुम्ही पुण्यात असाल, गॅरेज जवळ असेल, घरात दुसरी गाडी असेल आणि अशी फाईल असलेली जीटी मिळाली तर घ्या, मी अडवणार नाही.

मी काय करतोय? २०२० नंतर पोलोमध्ये १.० टीएसआय इंजिन आलं, ११० पीएस, आणि त्यात सहा गिअरचं मॅन्युअल मिळायचं. चाचा म्हणाले, "त्याचा क्लच मी बदलीन." महाग आहे, आत्ता परवडत नाही. वर्षभर थांबतोय, दर महिन्याला बाजूला टाकतोय. अण्णांचे दोन लाख परत दिले. पेरणीच्या आधी तीन एकरांवर ठिबक झालं, मीच नळ्या अंथरल्या. दुकानात अजून स्प्लेंडरवरच जातो.

परवा जेवताना अण्णांनी मध्येच विचारलं, "त्या पांढऱ्या गाडीत आपण किती पळत होतो रे?"

म्हणलं, ऐंशी.

"ऐंशीच?" म्हणाले. "मला तर शंभराच्या वर वाटलं."