रोजच्या वाटेवरील स्पोर्ट्‌स कार

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

स्पोर्ट्‌स कार हा शब्द कानी पडला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. जमिनीलगत धावणारी, तांबड्याभडक रंगाची, कानठळ्या बसविणारी एक मोटार. तिच्यात काळा चष्मा लावून बसलेला कुणी धनिकपुत्र. आणि रस्त्याच्या कडेला जीव मुठीत धरून उभे असलेले पादचारी. हे चित्र अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ते अपुरे आहे. ज्याला सकाळी वेळेवर कामावर पोहोचावयाचे आहे, परतताना भाजी आणावयाची आहे, ओली छत्री कोठे ठेवावी याची ज्याला विवंचना आहे, असा माणूसही स्पोर्ट्‌स कार बाळगतो आणि ती रोज चालवितो. अशा रोजच्या गाडीविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. ते सांगताना वेग आणि वेगाचा आनंद या दोन गोष्टींची आपण जी गल्लत करतो, तीही थोडी उलगडून पाहावी, असा माझा हेतू आहे.

उदाहरणादाखल मी एकच गाडी घेतो. जपानातील हिरोशिमा शहरी माझदा कंपनीचा कारखाना आहे. तेथे एमएक्स-५ नावाची दोन आसनांची, उघड्या छपराची गाडी तयार होते. जपानात तिला रोडस्टर म्हणतात, अमेरिकेत मियाटा. भारतात ती अधिकृतपणे विकली जात नाही. माझदा हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी प्रथम वाचले ते स्वराज माझदा या मालमोटारींच्या पाठीवर. पण जगात या गाडीएवढ्या संख्येने दोन आसनांची दुसरी कोणतीही स्पोर्ट्‌स कार खपलेली नाही. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात दहा लाखावी गाडी हिरोशिमाच्या कारखान्यातून बाहेर पडली. दहा लाख गाड्या काही केवळ धनिकपुत्रांनी घेतल्या नसतील, हे उघड आहे. त्या शिक्षकांनी, कारकुनांनी, परिचारिकांनी, निवृत्त गृहस्थांनीही घेतल्या असणार.

या कारखान्याचा पूर्वेतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. १९२० साली ही कंपनी स्थापन झाली ती बुचाच्या लाकडाचे पदार्थ बनविण्यासाठी. १९३१ साली तिने तीन चाकांची छोटी मालगाडी बाजारात आणली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा शहर आणि कारखाना यांच्यामध्ये एक टेकडी उभी होती. तिच्या आडोशामुळे आणि अंतरामुळे कारखान्याच्या इमारती बऱ्याच अंशी वाचल्या. उद्‌ध्वस्त झालेल्या प्रांताच्या सरकारी कचेऱ्यांना काही काळ याच कारखान्याने आसरा दिला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथे पुन्हा तीनचाकी मालगाड्या तयार होऊ लागल्या. ज्या ठिकाणी कित्येक वर्षे केवळ ओझे वाहण्यासाठी गाड्या घडल्या, त्याच ठिकाणी पुढे निव्वळ आनंदासाठी गाडी घडावी, ही मला मोठी विचार करण्याजोगी गोष्ट वाटते. त्या आनंदाच्या गाडीलाही गरिबीत शिकलेल्या काटकसरीचे वळण लागलेले दिसते.

या गाडीची मूळ कल्पना मात्र इंग्लंडची. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात लहान, हलक्या, उघड्या छपराच्या गाड्या पुष्कळ निघत. त्या दिसावयास देखण्या आणि चालवावयास मजेदार. पण तेल गळावयाचे, छपरातून पाणी ठिबकावयाचे आणि ऐन पावसात विजेच्या तारा दगा द्यावयाच्या. रविवारची हौस म्हणून अशी गाडी ठीक. सोमवारी कामावर जाण्यासाठी तिच्यावर विसंबणे कठीण. १९८० साल उजाडेपर्यंत हा प्रकार जवळजवळ संपुष्टात आला; एमजीबी ही त्यांतील नामांकित गाडी त्याच वर्षी बंद झाली. त्याच सुमारास, १९७९ साली, बॉब हॉल या अमेरिकन पत्रकाराने माझदाच्या संशोधन विभागाचे प्रमुख केनिची यामामोतो यांच्याशी बोलताना एक सूचना केली. इंग्रजी धाटणीची साधी, स्वस्त, उघडी गाडी आज कोणीच करीत नाही. ती तुम्ही का करू नये? या सूचनेला फळ येण्यास दहा वर्षे लागली. १९८९ सालच्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली. इंग्रजी गाडीचा आनंद तिने ठेवला, आणि त्याला एका गुणाची जोड दिली. ती रोज सकाळी बिनतक्रार सुरू होई.

श्रोतेहो, हा गुण ऐकण्यास किती साधा वाटतो! पण रोजच्या वापराचे सारे मर्म त्यात आहे. जी वस्तू आपण जपून, झाकून ठेवतो, तिचा आनंद सणासुदीपुरता असतो. जी वस्तू हाताशी रोज येते, तिच्याशी आपले नाते जडते.

या गाडीच्या रचनेचे सूत्र म्हणून तिच्या निर्मात्यांनी एक जपानी शब्द पुढे ठेवला : जिम्बा इत्ताई. घोडा आणि स्वार यांचे एक शरीर होणे, असा त्याचा अर्थ. आपल्या भाषेत यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे : मांड. ज्याची मांड पक्की, त्याला घोड्याला मारावे लागत नाही आणि लगामही ओढावा लागत नाही. या गाडीत चालक जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर बसतो. एंजिन पुढील चाकांच्या रेषेमागे ओढून घेतलेले असते, आणि दोन माणसे बसली म्हणजे पुढील व मागील चाकांवर गाडीचे वजन जवळजवळ निम्मेनिम्मे पडते. एंजिनाची शक्ती मागील चाकांना मिळते. पुढील चाकांनी फक्त दिशा धरावयाची. त्यामुळे रस्ता ओला आहे की कोरडा, खडबडीत आहे की गुळगुळीत, हे सुकाणूचक्रातून थेट तळहातांना कळते.

आता आकडे पाहा. २०१५ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या गाडीत १५०० सीसीचे, सुमारे १३० अश्वशक्तीचे एंजिन होते. गाडीचे वजन साधारण एक टन. म्हणजे तिसऱ्या पिढीपेक्षा सुमारे शंभर किलो कमी. प्रत्येक नवी मोटार आधीच्या मोटारीहून लठ्ठ होत जाण्याच्या काळात हे घडले, हे विशेष. ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास तिला आठ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. आज पुष्कळ साध्या कौटुंबिक वीजगाड्या याहून लवकर तो वेग गाठतात. म्हणजे नुसता वेग विकत घ्यावयाचा असेल, तर ही गाडी घेण्यात शहाणपण नाही. तरीही लोक ती घेतात. मग ते काय विकत घेतात?

उत्तर रोजच्या वापरातच सापडते. समजा, इंग्लंडातील एखादा गृहस्थ या गाडीतून रोज कचेरीला जातो. वस्तीतील रस्त्यावर ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, ही तेथील सर्वसाधारण मर्यादा. मोठ्या महामार्गावरही ७० मैल, म्हणजे ११२ किलोमीटर. गाडीचा कमाल वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर आहे. पण तो आकडा त्या गृहस्थाच्या आयुष्यात कधी उगवतच नाही. त्याचा आनंद वेगळ्या जागी असतो. गिअरचा आखूड दांडा मनगटाच्या एका हालचालीने जागेवर बसतो, त्यात असतो. वळण येण्यापूर्वी वेग कमी करून, खालचा गिअर टाकून, वळणातून गाडी धक्का न बसता बाहेर काढली, त्यात असतो. थंड सकाळी ऊन पडले की बसल्या जागेवरून एका हाताने कापडी छप्पर मागे टाकता येते, आणि रोजच्याच रस्त्यावरील झाडांचा वास येतो. हे सारे ताशी ४० किलोमीटरच्या वेगात मिळते.

या गाडीबरोबर संसार करताना अडचणी नसतात असे नाही. आसने दोनच; तिसऱ्या माणसाला जागा नाही. सामानाचा कप्पा अवघा १३० लिटरांचा. दोन लहान बॅगा आणि वर भाजीची पिशवी, की तो भरला. गुडघे दुखणाऱ्यास आत बसणे हा एक व्यायामच होय. मोठ्या मालमोटारीच्या चालकास इतकी बुटकी गाडी दिसतेच असे नाही, म्हणून शेजारून जाताना आपणच सावध असावे लागते. झाडाखाली गाडी उभी केली, तर छपराचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत पाने अडकतात. त्या वेळच्या वेळी साफ न केल्यास पाणी आत मुरते आणि पत्रा गंजतो. एंजिनचीही एक शिस्त आहे. ते पुरते तापण्याआधीच प्रवास संपू लागला, तर पेट्रोलचा अंश आणि पाण्याची वाफ तेलात साचत राहते. म्हणून सकाळी निघाल्यावर पहिली काही मैल गाडी हळुवारपणे न्यावी, आठवड्यातून एखादा लांबचा फेरा मारावा आणि तेल वेळेवर बदलावे. ज्यांना ही शिस्त जाच वाटते, त्यांनी या वाटेस जाऊ नये. ज्यांना ती जाच वाटत नाही, त्यांच्या गाड्या वीस-पंचवीस वर्षे चालतात. २०१७ साली तर कंपनीने स्वतःच पहिल्या पिढीच्या जुन्या गाड्या दुरुस्त करून पूर्ववत करून देण्याची योजना जपानात जाहीर केली.

वेगाच्या प्रश्नाकडे मी मुद्दाम पुन्हा वळतो, कारण माझे आयुष्य मुलांमध्ये गेले आहे. वर्गातील सोळा वर्षांच्या मुलाला एंजिनची अश्वशक्ती तोंडपाठ असते. थांबण्यास किती अंतर लागते, हे मात्र त्याला ठाऊक नसते. मी फळ्यावर साधे गणित मांडतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो एक सेकंद सहज जातो. वेग दुप्पट केला तर ते अंतर दुप्पट होते. परंतु गाडीच्या अंगातील ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतरही जवळजवळ चौपट होते. निसर्गाच्या या हिशेबात कुणाच्या वडिलांची श्रीमंती चालत नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या सदरात मोडतात. हे आकडे नुसते वाचून सोडून देण्यासारखे नाहीत. त्यांत आपल्या गावचे, आपल्या शाळेचे विद्यार्थी आहेत.

अशा वेळी मुलांना ‘वेगाचा मोह सोडा’ एवढेच सांगून भागत नाही. त्या मोहाच्या मुळाशी एक निर्दोष इच्छाही असते : यंत्रावर आपली हुकमत असावी, हात, पाय आणि डोळे यांनी एक काम सुरेख करावे. ही इच्छा मारण्यापेक्षा तिला वळण लावावे. हलकी, बेताच्या शक्तीची गाडी रोज नीट चालविणारा माणूस ते वळण दाखवून देतो. त्याला गाडी चालविताना दुसरे काही करता येत नाही. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही डोळे गुंतलेले असतात. दूरध्वनीकडे पाहण्यास सवड नसते. त्याचे कौशल्य काट्यावरील आकड्यात दिसत नाही. शेजारी बसलेल्याच्या हातातील चहा सांडला की नाही, यात दिसते.

आता शेवटचा, अवघड प्रश्न. आनंदासाठी पेट्रोल जाळावे काय? एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायॉक्साइड हवेत जातो. अशी गाडी लिटरला पंधरा किलोमीटर जाते असे धरले, तर वर्षाकाठी दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात सुमारे दीड टन वायू होतो. एवढाच भार एखादी साधी कौटुंबिक पेट्रोलगाडीही टाकते, आणि थोराड गाड्या याहून कितीतरी अधिक टाकतात. तरीही दीड टन म्हणजे शून्य नव्हे. हिशेब करणाऱ्याने तो प्रामाणिकपणे करावा. २०२३ साली युरोपीय संघाने २०३५ नंतर धूर सोडणाऱ्या नव्या मोटारी विकू नयेत, असा कायदा केला. पुढे त्यात सवलत द्यावी काय, याची चर्चाही सुरू झाली. तारीख मागे-पुढे होईल. परंतु पेट्रोलच्या एंजिनचा काळ उतरणीला लागला आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. त्याचा शोक करण्याचेही कारण नाही. घोड्यांचे टांगे गेले तेव्हाही लोक हळहळले होते.

मात्र पुढच्या गाड्यांनी एक गोष्ट या गाडीपासून घ्यावी, असे मला वाटते. आज पुष्कळशा वीजगाड्या दीड टनाहून जड आहेत. त्या चालकाला अधिकाधिक शक्ती देतात, आणि त्याच्याकडून अधिकाधिक कमी लक्ष मागतात. शक्ती वाढावी आणि अवधान घटावे, हा सौदा रस्त्यावरून शाळेला चालत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने धोक्याचा आहे. एंजिन पेट्रोलचे असो की विजेचे, गाडी हलकी असावी, शक्ती बेताची असावी, आणि चालविणाऱ्याचे चित्त तिच्यात असावे. हिरोशिमाच्या त्या कारागिरांनी छत्तीस वर्षांहून अधिक काळ एवढेच केले आहे. आणि रोज सकाळी त्या गाडीत बसून कामावर जाणारी लक्षावधी माणसे त्याची प्रचीती घेत आली आहेत.