क्रीडांगण आणि निष्ठा : झाशीचे उदाहरण

‘संस्थेचा अभिमान’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार सैलपणे केला जातो. स्नेहसंमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात तो आला नाही असे सहसा घडत नाही. परंतु हा अभिमान नेमका कशाचा, आणि तो विद्यार्थ्यांच्या मनात कोणत्या वाटेने शिरतो, याचा विचार क्वचितच होतो. इमारतीविषयी अभिमान वाटत नाही. निकालाच्या टक्केवारीचा वाटला तरी तो पुढच्या निकालापर्यंतच टिकतो. तरुणांचा एखादा समूह ‘आम्ही’ हे सर्वनाम एका स्वरात उच्चारू लागतो, तो बहुधा क्रीडांगणाच्या कडेला उभा राहून. म्हणूनच या विषयाचा विचार वर्गखोलीत न करता मैदानावर करणे इष्ट आहे.

अशा अभिमानाचे सर्वांत गाजलेले रूप अमेरिकेत आढळते. तेथील विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांत मध्यंतर झाले की शेकडो वादकांचे पथक गणवेशात मैदानावर उतरते, चालता चालता वाजवते, आणि रांगा बदलून अक्षरे व चित्रे रेखाटते. हे सारे पाहणाऱ्याला केवळ करमणूक वाटेल. त्याचे मूळ मात्र लष्करी आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेती व यंत्रविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांसाठी राज्यांना जमिनी देण्यात आल्या, आणि या महाविद्यालयांच्या शिक्षणक्रमात लष्करी डावपेचांचाही समावेश असावा असे ठरले. विद्यार्थ्यांची कवायत आली, कवायतीसाठी ढोल आले, ढोलांमागोमाग पितळी वाद्ये आली. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाचे पथक १८८६ मध्ये अशाच कवायतीच्या गरजेतून जन्मले. १९०७ मध्ये त्याने मैदानावर आपल्या विद्यापीठाचे आद्याक्षर रेखाटले. कवायतीची शिस्त तीच राहिली. फक्त ती सेनापतीऐवजी प्रेक्षकांपुढे सादर होऊ लागली.

लष्करी बँड हिंदुस्थानातही आला होता. प्रत्येक छावणीत तो होता. येथे मात्र त्याची वाट निराळी झाली. त्याचा भरजरी गणवेश, खांद्यावरच्या झालरी आणि पितळी वाद्ये लग्नाच्या वरातीत गेली. महाविद्यालयात त्याने प्रवेश केला तो राष्ट्रीय छात्रसेनेच्या द्वारे. १९१७ मध्ये विद्यापीठांतून सुरू झालेल्या छात्रदलाची परंपरा १९४८ च्या कायद्याने छात्रसेनेकडे आली. परंतु छात्रसेनेच्या बँडचे दिवस ठरलेले, ते म्हणजे २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट. आंतरमहाविद्यालयीन हॉकी सामन्याला बँड वाजवावा असे कोणाच्या मनात आले नाही. महाराष्ट्रात पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांनी ढोलताशाचे पथक उभे करून शिस्त आणि जल्लोष यांची सांगड घातली खरी, पण तीही गणेशोत्सवाच्या मिरवणुकीसाठी. आपल्याकडे वाद्य मिरवणुकीकडे गेले आणि खेळ एकटाच मैदानावर राहिला, असे म्हणता येईल.

मग वाद्याशिवाय, गणवेशाशिवाय आणि महाविद्यालयाशिवायही असा अभिमान उभा राहू शकतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना झाशीकडे वळावे लागते.

मराठी वाचकाला झाशी ठाऊक असते ती १८५७ च्या संदर्भात. राणी लक्ष्मीबाईंच्या बलिदानानंतरची झाशी आपल्या वाचनात येत नाही. हे शहर १८६१ मध्ये शिंद्यांना देण्यात आले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात इंग्रजांनी ते परत घेतले. त्याच दशकात रेल्वे आली, पाठोपाठ रेल्वेचा मोठा कारखाना उभा राहिला. एकीकडे छावणी, दुसरीकडे रेल्वे, अशा या गावात हॉकीचे बी पडले यात नवल नाही. सैनिकांना आणि रेल्वे कर्मचाऱ्यांना परवडेल असा हा खेळ होता. सपाट जमीन, एक चेंडू आणि वाकडी काठी एवढ्यावर तो भागत असे.

मेजर ध्यानचंद याच गावचे म्हणून ओळखले जातात. त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी प्रयागला झाला. वडील सैन्यात असल्याने बदल्यांमागून बदल्या होत राहिल्या आणि अखेरीस कुटुंब झाशीत स्थिरावले. या भटकंतीत ध्यानचंदांचे शिक्षण सहा इयत्तांपुढे गेले नाही. जगाने ज्यांच्या खेळाचा अभ्यास केला, त्या खेळाडूला महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडता आला नाही ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विसरता कामा नये. १९२२ मध्ये, वयाच्या सोळासतराव्या वर्षी, ते शिपाई म्हणून ब्राह्मण पलटणीत दाखल झाले. तेथे सुभेदार मेजर बाले तिवारी यांनी त्यांना हॉकीचे पहिले धडे दिले. महाविद्यालय जे देते ते सारे, म्हणजे गुरू, सवंगडी, प्रतिस्पर्धी आणि एक नाव, पलटणीने त्यांना दिले. १९२६ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यासाठी निवड झाल्याचे वरिष्ठांकडून कळताच हा तरुण शिपाई बराकीकडे धावला, आणि सोबत्यांनी त्याचे जे स्वागत केले त्याचा उल्लेख त्यांनी पुढे आत्मचरित्रात आवर्जून केला आहे. त्या दौऱ्यात भारतीय सैन्याच्या संघाने एकवीस सामन्यांपैकी अठरा जिंकले, दोन बरोबरीत सोडवले, एक गमावला. परत येताच ध्यानचंद लान्स नाईक झाले.

तथापि संस्थेचा अभिमान ही दुधारी वस्तू आहे. ज्या सैन्याने त्यांना घडवले, त्याच सैन्यातील त्यांच्या तुकडीने १९३२ च्या ऑलिंपिकपूर्वी आंतरप्रांतीय स्पर्धेसाठी त्यांना मोकळीक देण्यास नकार दिला. हॉकी महासंघाने त्यांची निवड कोणत्याही चाचणीवाचून केली म्हणून ते लॉस एंजेलिसला जाऊ शकले. तेथे अमेरिकेविरुद्ध भारताने चोवीस गोल केले. त्यांतील दहा धाकटे बंधू रूपसिंग यांचे, तर आठ स्वतः ध्यानचंदांचे. संस्था खेळाडूला आपला म्हणते तेव्हा त्यात प्रेम किती आणि मालकी किती, हा प्रश्न तेव्हाही होता. शिष्यवृत्ती देऊन खेळाडू गोळा करणाऱ्या आजच्या संस्थांच्या बाबतीतही तो विचारावाच लागतो.

झाशीतील निष्ठा मात्र पलटणीची नव्हती आणि शाळेचीही नव्हती. ती ‘झाशी हीरोज’ या गावच्या क्लबाची होती. सदस्यत्वासाठी प्रवेशपरीक्षा नव्हती, पदवीदान नव्हते, त्यामुळे तीन-चार वर्षांनी बाहेर पडण्याचा प्रश्नही नव्हता. दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेला माणूस तेथे गावातील साध्या मुलांबरोबर खेळत असे. १९३३ मध्ये हा क्लब कलकत्त्याच्या बेटन करंडक स्पर्धेस गेला. १८९५ पासून चालत आलेली ही स्पर्धा देशातील सर्वांत प्रतिष्ठेची, असे ध्यानचंद मानीत. अंतिम सामना कलकत्ता कस्टम्सशी होता. त्या संघात नामांकित खेळाडूंची रांगच होती. झाशीच्या बाजूने ध्यानचंद, रूपसिंग आणि मुंबईत जी. आय. पी. रेल्वेत नोकरी करणारे इस्माईल एवढेच मोठे खेळाडू. बाकीचे अकरांत भरती करणारे, परंतु मागे न हटणारे. कस्टम्सने चढाईमागून चढाई केली आणि झाशीचा बचाव पुन्हा पुन्हा उघडा पडला. अशाच एका क्षणी मैदानाच्या मध्यावरून ध्यानचंदांनी इस्माईलकडे लांबवर चेंडू सोडला. इस्माईल त्यामागे जवळजवळ अर्धे मैदान धावले, कस्टम्सचा डावा हाफ आणि गोलरक्षक यांच्यात चेंडू कोणी घ्यावा याविषयी क्षणभर गोंधळ झाला, आणि तेवढ्यात गोल झाला. सामना त्या एकाच गोलाने संपला.

आपण खेळलेला सर्वोत्तम सामना कोणता, या प्रश्नाला ध्यानचंदांनी या सामन्याचे नाव दिले आहे. यात ॲम्स्टरडॅमचे चौदा गोल नाहीत. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनमध्ये जर्मनीवर मिळवलेला आठ-एक असा विजयही नाही. बर्लिनच्या त्या सामन्यापूर्वी खेळाडूंनी वेशभूषेच्या खोलीत काँग्रेसच्या तिरंग्यास वंदन केले होते, कारण ज्या अधिकृत ध्वजाखाली त्यांना मैदानात उतरावे लागत होते तो त्यांचा नव्हता. निष्ठेला चिन्ह लागते, आणि ते परके असेल तर माणूस आपले चिन्ह लपवून का होईना बाळगतो. झाशी हीरोजच्या बाबतीत अशी चोरी करण्याची गरजच नव्हती. ते नाव त्यांनी स्वतःच घेतलेले होते.

स्वातंत्र्यानंतर झाशीत उच्च शिक्षण वाढले. १९४९ मध्ये बुंदेलखंड महाविद्यालय स्थापन झाले. परंतु विद्यापीठ गावात नव्हते, ते दूर होते. संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याची मोठी अडचण येथे लक्षात येते. त्याच्या परीक्षेचा कागद परगावाहून येतो, पदवीवर परगावचे नाव असते, आणि विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर त्याने ज्या नावासाठी खेळावयाचे ते नाव त्याने पाहिलेलेही नसते. अशा नावाने घोषणा द्यावयाची तर कंठ सहजी फुटत नाही. बँडची उणीव त्यामानाने क्षुल्लक होय.

याची साक्ष ध्यानचंदांच्या घरातच मिळते. त्यांचे पुत्र अशोककुमार लहानपणापासून हॉकी खेळत आले, आणि विद्यापीठीय हॉकीत उतरले ते राजस्थान विद्यापीठाकडून. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा विजयी गोल त्यांचा. भारताने तो सामना दोन-एक असा जिंकला. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, झाशीत बुंदेलखंड विद्यापीठ स्थापन झाले. गावाच्या क्लबाने बेटन करंडक जिंकला त्याला तोवर बेचाळीस वर्षे होऊन गेली होती. विद्यापीठाला अभिमान निर्माण करावयाचा नव्हता. तो तयारच होता. तो आपल्याकडे कसा वळवावा एवढाच प्रश्न होता.

महाविद्यालयाला हे साधते कसे, याचे उत्तर पंजाबात मिळते. अमृतसरच्या खालसा महाविद्यालयाचे हॉकी प्रशिक्षक हरबेलसिंग यांनी लाहोरला शिकणाऱ्या बलबीरसिंग नावाच्या विद्यार्थ्याचा खेळ पाहिला, आणि तो अमृतसरला यावा म्हणून पिच्छा पुरवला. घरच्यांची संमती मिळाली, मुलगा आला, आणि १९४३ ते १९४५ अशी सलग तीन वर्षे पंजाब विद्यापीठाने आंतरविद्यापीठ विजेतेपद मिळवले. हेच बलबीरसिंग पुढे १९४८, १९५२ आणि १९५६ च्या सुवर्णपदक विजेत्या संघांत होते. येथे पताका किंवा गीत प्रथम आले नाही. प्रथम आला तो रोज मैदानावर उभा राहणारा एक शिक्षक. त्याला मुलांची नावे ठाऊक होती.

आपल्या बहुसंख्य महाविद्यालयांत हीच कडी गळून पडते. क्रीडाशिक्षक असला तर मैदान नसते. मैदान असले तर त्यावर मांडव पडतो. सामने तासांच्या वेळी होतात, आणि जो विद्यार्थी ते पाहावयास थांबेल त्याची गैरहजेरी लागते. अशा स्थितीत पाठीराखे कोठून यावेत? करंडक जिंकून आल्यावर मात्र प्राचार्यांसह सर्वांचे छायाचित्र निघते. विजयाच्या दिवशी जमणारी गर्दी आणि पावसाळ्यातल्या साध्या साखळी सामन्याला चिखलात उभे राहणारे तीस जण, यांत संस्थेचे खरे बळ दुसऱ्या गटात असते. अमेरिकेतील भव्य पथकांविषयीही थोडी शंका येथेच घ्यावीशी वाटते. ऐंशी हजारांनी तिकीट काढून पाहिलेला सामना हा अभिमानाचा पुरावा आहे की व्यापाराचा, हे ठरवणे सोपे नाही.

खेळाडूचे नाव राहावे आणि खेळ निघून जावा, असेही घडते. झाशीपासून शंभर किलोमीटरवर ग्वाल्हेरला कॅप्टन रूपसिंग यांच्या नावाचे क्रीडागार आहे. मुळात ते हॉकीचे. पुढे तेथे क्रिकेट आले, आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी एकदिवसीय सामन्यातील पहिले पुरुष द्विशतक तेथेच केले. महाराष्ट्रात त्या मैदानाचे नाव घरोघरी पोहोचले; ते नाव कोणाचे, हे किती जणांनी विचारले असेल? झाशीत तसे झाले नाही. तेथे टेकडीवर ध्यानचंदांचा भव्य पुतळा उभा आहे, आणि तेथील मुले हॉकी खेळतच राहिली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील भारतीय संघात झाशीचा तुषार खांडेकर होता. हे आडनाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल.

ध्यानचंद १९५६ मध्ये मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रमुख हॉकी प्रशिक्षक म्हणून त्यांनी काम केले आणि अखेरची वर्षे झाशीत काढली. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. पार्थिव झाशीला आणण्यात आले. अंत्यसंस्कार हीरोजच्या मैदानावर व्हावेत असे ठरले. परवानगी मिळण्यास प्रथम अडचण आली, मग ती मिळाली. पंजाब रेजिमेंटने संपूर्ण लष्करी इतमामाने मानवंदना दिली. अग्नी मात्र गावच्या मैदानावर दिला गेला, आणि त्यांची समाधी तेथेच आहे.