विधिशिक्षणाचे पहिले वर्ष
(वार्षिक गुणगौरव समारंभातील भाषण)



आज सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांत विधि महाविद्यालयात प्रवेश घेतलेले काही जण आहेत. ‘पहिल्या वर्षी ही मुले कलमेच पाठ करतात काय?’ असा प्रश्न त्यांचे पालक आम्हांस वारंवार विचारतात. त्याचे यथाशक्ति उत्तर देण्याचा आमचा मानस आहे.

पाठांतर हा त्या अभ्यासाचा गौण भाग होय. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात करार, अपकृत्य, फौजदारी कायदा, संविधान व कौटुंबिक कायदा हे विषय बहुधा प्रारंभीच येतात. ते शिकविले जातात ते खटल्यांच्या आधारे. अज्ञान मुलाने घर गहाण टाकून कर्ज काढले, तर तो करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली ‘मोहोरी बीबी’ खटल्यात ठरविले. पेयाच्या बाटलीत गोगलगाय निघाली. बाटली मैत्रिणीने विकत घेतलेली, तरी पिणारीप्रत उत्पादकाचे कर्तव्य आहे, असे १९३२ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले. फौजदारी कायद्यात कृत्यामागील हेतू तपासावयास शिकवितात. १८६० च्या दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. संविधानाचे अनुच्छेद १५ व १७ तर ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्या प्रत्येकाने मनाशी बाळगावेत असेच आहेत.

परंतु या विद्येची खरी कसोटी आपल्या घरात आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ साली दुरुस्ती होऊन एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणे सहदायाद ठरली. २००५ साली पिता हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरीही आपल्याकडे काय घडते? बहीण भाऊबीजेला येते, ओवाळते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. आमच्याही घरी असा कागद झाला. बहिणीने न वाचता सही केली. ती का वाचत नाही, हे आम्ही विचारले नाही. त्याची खंत आजही आहे.

१८७२ च्या करार अधिनियमाचे कलम १४ पहिल्याच वर्षी वर्गात शिकवितात. संमती मुक्त असावी. ती बळजबरीने, गैरवाजवी दडपणाने, कपटाने, चुकीच्या माहितीने वा चुकीने घेतलेली नसावी. माहेर तुटण्याच्या भयाने दिलेल्या संमतीस मुक्त म्हणावे काय, याचा विचार प्रत्येक भावाने करावा. स्वखुशीने हक्क सोडणाऱ्या भगिनीस कायदा आडवा येत नाही. पण आपण काय सोडीत आहोत, हे तिला आधी कळले पाहिजे.

म्हणून आमची विनंती एवढीच: असा कागद करण्याचा प्रसंग आला, तर या विद्यार्थ्यांपैकी कोणास घरी बोलवावे, तो सावकाश वाचून घ्यावा, आणि सहीसाठी सणाचा दिवस निवडू नये. विद्यार्थ्यांनीही वडीलधाऱ्यांचा मान राखून, पण न कचरता, त्याचा अर्थ सांगावा. एवढे झाले तरी त्यांचे पहिले वर्ष आपल्या सर्वांच्या उपयोगी पडले, असे आम्ही समजू.