आधी नोंद, मग सॉफ्टवेअर

आदरणीय उद्घाटक, परिषदेचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि मुंबई, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव, गोवा अशा ठिकाणांहून आलेले संग्राहक, ग्रंथपाल, तंत्रज्ञ मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे पुण्यात मनःपूर्वक स्वागत करतो. ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा जन्म १९२९ मध्ये कोल्हापुरात झाला, पुण्याला ती १९३३ मध्ये आली, तेव्हा पहिला मान कोल्हापूरच्या पाहुण्यांचा, हे आम्ही पुणेकर चक्क मान्य करतो. प्रभातच्याच आवारात पुढे फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९६४ मध्ये इथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी रिळांच्या शोधात हयात घालवली. रीळ मिळवणे हे पहिले काम. मिळालेले रीळ हवे तेव्हा हाताला लागणे, हे दुसरे. हे दोन दिवस त्या दुसऱ्या कामाचे आहेत.

स्वागताध्यक्षाने विषयात फार शिरू नये, असा संकेत आहे. तो मी थोडा मोडणार आहे.

आपल्यापैकी अनेकांकडे आजची व्यवस्था तिहेरी आहे : एक एक्सेलची फाइल, एक जाड नोंदवही आणि एक जुनाजाणता कर्मचारी. तो रजेवर गेला की पहिल्या दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून सॉफ्टवेअर हवे, यात वाद नाही. वाद आहे तो निवडीचा. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवतो तेव्हा सगळे सुरळीत चालते, कारण त्यातल्या नोंदी त्याच्या असतात. आपल्या नोंदी तशा गुणी नसतात.

‘राजा हरिश्चंद्र’च घ्या. दादासाहेब फाळक्यांनी तो १९१३ मध्ये प्रदर्शित केला आणि १९१७ मध्ये पुन्हा बनवला. आज जी रिळे शिल्लक आहेत ती यांपैकी कोणत्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सॉफ्टवेअरमध्ये सालाचा एकच रकाना असेल आणि तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल, तर नोंद करणारा बिचारा काहीतरी टाकून मोकळा होईल. दहा वर्षांनी तेच ‘काहीतरी’ पुरावा म्हणून पुढे येईल. शंका नोंदवायला जागा हवी, आणि ती कोणाची, कशावरून, हेही लिहिता आले पाहिजे.

दुसरे उदाहरण ‘कुंकू’चे. १९३७ चा हा चित्रपट हिंदीत ‘दुनिया न माने’ म्हणून निघाला. कथा एक, भाषा दोन. प्रत्येकीच्या प्रती निरनिराळ्या, आणि प्रत्येक प्रतीचे डबे अनेक. पुस्तकांसाठी बनलेल्या प्रणालीत शीर्षक आणि प्रत एवढ्या दोन पायऱ्यांवर भागते. चित्रपटांच्या नोंदींसाठी ‘फियाफ’ या जागतिक महासंघाच्या मार्गदर्शिकेत चार पायऱ्या आहेत : कृती, तिचे भेद, तिचे प्रकट रूप आणि प्रत्यक्ष हातातली वस्तू. आपल्याला रोज काम पडते ते शेवटच्या पायरीशी. डब्यावर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेले असते, ‘रीळ ४, ध्वनी निगेटिव्ह, वास येतो.’ हा वास व्हिनेगरचा असेल, तर अॅसिटेट फिल्म कुजू लागली आहे आणि तो डबा आजच्या आज इतरांपासून बाजूला ठेवायला हवा. हा शेरा लिहायला जागा नाही आणि ‘वास येणारे सगळे डबे दाखव’ म्हटल्यावर यादी मिळत नाही, असे सॉफ्टवेअर कितीही देखणे असले तरी आपल्या कामाचे नाही.

नावांचेही तसेच. बालगंधर्व आणि नारायण श्रीपाद राजहंस एकच, हे आपल्याला ठाऊक आहे. यंत्राला एकदा सांगावे लागते, आणि सांगितल्यावर त्याने ते सगळीकडे पाळावे लागते. मग देवनागरी. ‘वाऱ्यावरची वरात’मधला ‘ऱ्य’ संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा हुकतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या युनिकोडमध्ये आणल्या की काय गोंधळ उडतो, हे इथे बसलेल्या अनेकांनी भोगले आहे.

डिजिटल प्रतींचा व्याप आणखी मोठा. दोन तासांच्या चित्रपटात सेकंदाला २४ या हिशेबाने १,७२,८०० चौकटी असतात. २के स्कॅनची एक चौकट साधारण १२ एमबीची. म्हणजे एक चित्रपट दोन टेराबाइटच्या वर गेला. हे ओझे सॉफ्टवेअरने पोटात घ्यायची गरज नाही. फाइल कुठे आहे, तिच्या प्रती किती, तिचा चेकसम काय आणि तो शेवटचा कधी तपासला, एवढे त्याने चोख सांगावे.

‘कलेक्टिव्हअॅक्सेस’, ‘अॅटम’ अशा मुक्त प्रणाली आहेत, आपल्या सी-डॅकची ‘जतन’ आहे, विकत मिळणाऱ्याही अनेक आहेत. मुक्त प्रणालीला परवान्याचे पैसे पडत नाहीत. सर्व्हरचे, बॅकअपचे आणि ती सांभाळणाऱ्या माणसाचे पडतात. अंदाजपत्रकात ते आधी धरा. पण घर भाड्याने घेताना आपण सोडण्याची अट जशी आधी वाचतो, तशी इथेही वाचा : उद्या ही प्रणाली बंद पडली, तर आपल्या सर्व नोंदी, शेऱ्यांसकट आणि एकमेकींशी असलेल्या दुव्यांसकट, वाचता येतील अशा साध्या स्वरूपात परत मिळतील का? सॉफ्टवेअर बदलत राहणार. नोंद मात्र आपल्याला पुढच्या पिढीच्या हाती द्यायची आहे. निवड या एका निकषावर केली, तर बाकीच्या उणिवा सोसता येतात.

म्हणूनच समितीने उद्याच्या प्रात्यक्षिकांची रीत बदलली आहे. विक्रेते स्वतःच्या नमुना नोंदी दाखवणार नाहीत. आपल्या संग्रहातल्या सर्वांत अडचणीच्या दहा वस्तू आपण लिहून द्यायच्या; त्या ते आपल्यासमोर भरतील, शोधून दाखवतील आणि पेनड्राइव्हवर परत करतील. ज्यांनी यादी आणली नसेल त्यांच्यासाठी नोंदणी कक्षात कोरे कागद ठेवले आहेत. ते आज रात्रीच भरा.

निवासाची आणि भोजनाची व्यवस्था कार्यकर्त्यांनी मनापासून केली आहे. काही उणे राहिले, तर ते त्यांना न बोलता मला सांगावे. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करून, उद्घाटकांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी विनंती करतो.