चाल एकाची, सूर दुसऱ्याचा

जेनेसिस या ब्रिटिश बँडचे चाहते एकत्र बसले की वाद ठरलेला: सगळ्यांत चांगला अल्बम कोणता? कुणी १९७२च्या 'फॉक्सट्रॉट'चं नाव घेतं. त्यातलं 'सपर्स रेडी' हे एकच गाणं तब्बल २३ मिनिटांचं आहे. कुणाला 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' हवा असतो. माझा कौल १९७३च्या 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'ला, आणि त्याचं कारण त्यातली गिटार.

ती गिटार स्टीव्ह हॅकेटची. १९७०च्या अखेरीस त्यानं 'मेलडी मेकर' साप्ताहिकात जाहिरात दिली होती. साचलेल्या संगीताच्या पलीकडे जाऊ पाहणारे साथीदार त्याला हवे होते. जाहिरात वाचून जेनेसिसचा गायक पीटर गेब्रियल यानं त्याच्याशी संपर्क साधला आणि हॅकेट बँडमध्ये आला. पुढे गेब्रियल मुखवटे चढवून रंगमंच गाजवू लागला आणि हॅकेट एका बाजूला खुर्चीत बसून, मान खाली घालून वाजवत राहिला. डाव्या हाताच्या जोडीला उजव्या हाताच्या बोटानंही तारेवर ठोके देऊन सूर काढायची युक्ती तो १९७१पासून वापरत होता. एडी व्हॅन हेलननं ती जगभर लोकप्रिय केली, पण त्याचा पहिला अल्बम आला १९७८ साली.

तरी मला भावते ती ही युक्ती नाही. मला भावतं 'सेलिंग इंग्लंड...'मधलं 'फर्थ ऑफ फिफ्थ' हे गाणं. सुरुवातीला बँडचा कीबोर्डवादक टोनी बँक्स याचा पियानो येतो, आणि त्यावर ठेका धरायला जावं तर हात चुकतो, कारण मधे १३ आणि १५ मात्रांचे तुकडे आहेत. गायन होतं. मग पियानोच्या साथीनं गेब्रियलची बासरी एक उदास, छोटी चाल वाजवते आणि थांबते. सुरुवातीचा पियानोचा भाग सिंथेसायझरवर परत येतो, जोर चढत जातो, आणि तो ओसरतो तेव्हा बासरीची तीच चाल गिटारवर सुरू होते. खाली मेलोट्रॉन या कीबोर्डचे संथ, दाट सूर असतात. हॅकेट एकेक सूर इतका लांबवतो की तार छेडल्याचं विसरायलाच होतं. एका सुरावरून दुसऱ्यावर तो तार ओढत जातो, आपल्या मींडेसारखा. कुठेही घाई नाही.

इथे चाहत्यांचा दुसरा वाद सुरू होतो. चाल बँक्सनं बांधलेली, मग या वादनाचं श्रेय कुणाचं? मी नि:शंकपणे हॅकेटचं म्हणतो. बासरीवर ती चाल कुणीतरी एकट्यानं मनाशी गुणगुणावी तशी वाटते. गिटारवर तिला क्षितिज मिळतं. तीच बंदिश दुसऱ्या गळ्यातून ऐकताना तिची खोली नव्यानं कळते, हा अनुभव तुम्हा-आम्हाला नवा नाही.

१९७७मध्ये हॅकेट बँडमधून बाहेर पडला. त्यानंतर जेनेसिसच्या मैफलींत ही चाल गिटारवादक डॅरिल स्टर्मर वाजवू लागला. तो तयारीचा वादक आहे, बोटं त्याची अधिक चपळ. त्याचं वादन मी आवडीनं ऐकतो. पण तो लांब सूर जवळ आला की माझा श्वास थांबतो, आणि कानात वाजतो तो हॅकेटचाच.